राखलेला ठोका

पंचवीस वर्षं काही केलं की माणसाला शाल मिळते, नारळ मिळतो, आणि घरी नेऊन फोडला की तो नारळ हमखास सडका निघतो. आमच्या पाताळगंगा पार्टीला मात्र पेटी मिळाली. शिसवी दिसावी म्हणून काळं पॉलिश मारलेली, आत लाल मखमल, आणि मखमलीत कवळीतल्या दातांसारख्या ओळीनं बसवलेल्या कॅसेटी. पहिल्या लग्नापासून परवाच्या गणपतीपर्यंत आम्ही जे जे वाजवलं ते सगळं तीत होतं, आणि झाकणावर पार्टीचा फोटो होता, ज्यात मी कमळाकरच्या डोक्यामागं दोन बोटांची शिंगं धरली आहेत. जैतूनं दुसरा फोटो खूप शोधला, पण दुसऱ्या फोटोत मी त्याहून वाईट काहीतरी केलेलं होतं.

हा जैतू चौक गावचा. हमरस्त्यावर, गॅरेजांच्या रांगेत त्याचं कॅसेटी भरून द्यायचं दुकान. शेजारी टायरचं पंक्चर निघतं, त्यामुळं तुझ्या भजनांना रबराचा वास येतो असं मी त्याला गिऱ्हाइकांसमोर सांगत असे. गरीब पोर, हसायचं. मोहोपाड्याच्या आमच्या कारखान्याच्या कॉलनीच्या कमिटीनं त्याला पेटीचं काम दिलं आणि कारखान्यातून रिटायर होऊन गेलेल्या एका साहेबानं वाचनालयात टाकून दिलेल्या जुन्या फिती त्याच्या हवाली केल्या. साहेबाला रेकॉर्ड करायचं वेड होतं. भल्यामोठ्या चकत्यांचं मशीन घेऊन तो आमच्या मागं लग्नमांडवातसुद्धा यायचा, आणि वऱ्हाडातल्या बायका त्या मशीनला शिलाईचं समजून भाव विचारायच्या. तो गेल्यानंतरचे कार्यक्रम जैतूनंच भरून घेतले होते.

आमचं वाजवणं काय होतं हे ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगणं अवघड आहे, आणि ज्यानं ऐकलं त्याला सांगायची सोय नाही, तो अजून रागात आहे. कोंडीराम आमचा म्होरक्या. कारखान्यात वायरमन, आणि घरी एक बुलबुल तरंग, ज्याच्या पोटाखाली त्यानं टेलिफोनचा कानाला लावायचा भाग बसवून तार रेडिओला जोडली होती. वाजवलं की पाण्यात बसलेली म्हैस रागावल्यासारखा आवाज निघे. कमळाकर पायपेटीवर, लॅबमध्ये कारकून असल्यामुळं तो वाजवतानाही शर्टाच्या खिशाला पेन लावून बसे. नागू ताशा वाजवी. सदूची सनई इंग्रजी, म्हणजे क्लॅरिनेट. उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अर्धं मशिनीत गेलेलं, म्हणून भोक झाकायला तो त्यावर सायकलच्या वॉलचं रबर चढवी आणि मी ते लपवून ठेवी. आणि बिगड्रम माझा. इतर पार्ट्या सिनेमाची गाणी वाजवत. आम्हीही सिनेमाच्या गाण्यानंच सुरू करायचो, पण थोड्या वेळानं कोंडीराम गाण्याच्या मागच्या दारानं बाहेर पडे, आम्ही त्याच्या मागं, आणि मग पाऊण तास ते गाणं कुणाला सापडत नसे. ठेका साडेसहा मात्रांचा. नवरदेवाच्या घोड्याच्या पायांत त्याची गाठ बसे. खालापूरकडं एकदा घोडा नवरदेवासकट मुकाट खाली बसला आणि मी वधूपक्षाला सांगितलं, की त्याला समाधी लागली आहे, उदबत्ती लावा. त्यांनी लावली. आमच्या त्या वाजवण्याला लोक वैतागून ‘लांबण’ म्हणू लागले, आणि कोंडीरामनं तेच नाव ठेवलं.

पण लांबणीला शेवट का नव्हता, ते पहिल्या लग्नात ठरलं. खालापूरपलीकडच्या एका गावात मोठ्या घरचं लग्न होतं. आम्ही वाजवत होतो, मांडवात पंगतीची पानं मांडली जात होती, आणि नवरदेवाच्या चुलत्यानं वाजवणाऱ्यांची नावं-गावं विचारता विचारता कोंडीरामची वस्ती विचारली. कोंडीरामनं वस्ती सांगितली, आणि छप्पन सालापासून आम्ही बौद्ध, हेही सांगितलं. चुलता म्हणाला, बाकीच्यांना मांडवात वाढा, याचं पान गोठ्यात. लांबण तेव्हा उताराला लागलेली, फक्त शेवटचा ठोका उरलेला, माझी काठी वर गेलेली. कोंडीराम तारा सोडून उभा राहिला.

“येसा, ठोका राख,” तो मला म्हणाला. “ह्यांच्या दारात शेवट करायचा नाय.”

मी काठी खाली घेतली. पाचही जण उठलो आणि उपाशी चौकच्या वाटेला लागलो. तिथं एका ढाब्यावर एकाच परातीत भजी खाल्ली, आणि सदूनं माझ्याहून जास्त खाल्ली हे मी अजून विसरलेलो नाही. पुढच्या गावी वाजवायला बसलो तेव्हा कोंडीरामनं मान हलवली आणि मी तो राखलेला ठोका आधी मारला, मग लांबण पुढं सुरू झाली. तेव्हापासून तीच रीत पडली. प्रत्येक गावात शेवटचा ठोका राखायचा आणि पुढच्या गावात त्यानं उघडायचं. म्हणजे नीट पाहिलं तर पंचवीस वर्षं आम्ही एकच लांबण वाजवत होतो, मध्येमध्ये जेवायला आणि झोपायला थांबून. मला त्याची शिक्षा एवढीच, की काठी वर जाऊन न पडल्यामुळं उजव्या दंडात खाज उठे. आतल्या आत, नखाला न सापडणारी. पुढचा कार्यक्रम होईतो ती जात नसे. बायको म्हणायची, नायटा असेल. मी म्हणायचो, कला आहे.

तर पेटी. फिती कोणत्या सालच्या, कुठल्या गावच्या, हे ओळखायला जैतूनं कमळाकरला बोलावलं आणि त्यानं दुकानात बसून सगळ्या कॅसेटी पहिल्यापासून शेवटापर्यंत ऐकल्या. त्यानंतरच्या रविवारी आम्ही सरावाला जमलो, तर कमळाकर मोकळ्या हातानं आला. पायपेटी त्यानं कर्जतच्या एका भजनी मंडळाला देऊन टाकली होती. मी म्हटलं, तू माझ्यावरच माझी विद्या चालवतोस होय? तो हसला, आणि त्याचं हसणं मला आवडलं नाही. जेवण झाल्यावर, हात धुऊन, सुपारी तोंडात टाकल्यावर माणूस हसतो तसं ते हसणं होतं.

“संपलं की रे ते, येसाजी,” तो म्हणाला. “छान संपलं. ऐकलं मी.”

मी दुसऱ्या दिवशी दुपारी जैतूच्या दुकानात गेलो आणि पहिली कॅसेट लावायला सांगितली. ते पहिलंच लग्न. आमचं कोवळं वाजवणं, चुलत्याचा आवाज, कोंडीरामचं ‘ठोका राख’, मग खुर्च्या सरकल्या, कुणीतरी शिवी दिली, पावलं लांब गेली. साहेब बहुधा मशीन बंद करायचं विसरून जेवायला बसला असावा, कारण फीत पुढं चालूच होती: पत्रावळ्यांची सळसळ, कावळा, वाढप्याची हाक, मग तेही थांबलं आणि नुसता रिकामा मांडव ऐकू येत राहिला. आणि मग ठोका पडला. एकच. जिथं पडायला हवा होता तसा, गोल, पुरा, लांबणीचं तोंड अलगद मिटवणारा.

आम्ही तेव्हा चौकच्या वाटेवर होतो. ड्रम माझ्या पाठीवर होता.

जैतूला मी पुष्कळ शिव्या दिल्या. सबंध तालुक्याची मी टोपी उडवली आहे, मॅनेजरचं काळं कुत्रं चुन्यानं पांढरं करून त्यालाच विकायला नेलेलं आहे, तेव्हा माझ्यावर कुणी उलटलं तर मला आनंदच व्हावा. पण हे असलं नाही. जैतू रडकुंडीला आला. त्यानं साहेबाची मूळ फीत मशीनवर चढवून दाखवली. तीतही ठोका होता. मग दुसरी कॅसेट, तिसरी, नुसती टोकं लावली: गाव वेगळं, साल वेगळं, आणि प्रत्येकीत आम्ही थांबून, सामान बांधून निघून गेल्यावर तो ठोका. तिसऱ्या वेळेला मला कळलं की ठोक्याच्या मागं एक बारीक फरफर आहे. माझ्या ड्रमचं कातडं टेंपोच्या फाळक्याला लागून फाटलं होतं, त्यावर मी चपलेच्या चामड्याचं ठिगळ लावलंय, त्याची ती फरफर. पण ठिगळ लावलं चौऱ्याहत्तर साली. पहिल्या लग्नात कातडं कोरं होतं.

मी म्हटलं, बंद कर. आणि त्या दिवशी घरी जाऊन जेवलो, तर आमटीला चव होती; झोपलो, तर झोप लागली. दोन-तीन दिवस असे बरे गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की दंडातली खाज नाही. पंचवीस वर्षांत कार्यक्रमाशिवाय ती कधी गेली नव्हती. शेजारणीच्या कोंबड्यांच्या पायांना घुंगरं बांधायचं ठरवलं होतं तेही राहून गेलं होतं, आणि राहिल्याचं वाईटही वाटत नव्हतं. तेव्हा मात्र मी घाबरलो. मी आयुष्यात घाबरलो नव्हतो असं नाही, पण निवांतपणाला पहिल्यांदाच घाबरलो. खाज पुढं हळूहळू परत आली, पूर्वीपेक्षा थोडी कमी. तीन ठोके ऐकल्यावर एवढं, तर कमळाकरनं सगळे ऐकले होते.

नागूला सांगायला त्याच्या गॅरेजात गेलो. उशीर झाला होता. कमळाकरनं त्याला आदल्या दिवशीच पेटी ऐकवली होती. ताशाचं कडं काढून त्यानं त्यात कोंबडीची पिल्लं ठेवली होती, आणि मला पाहून त्यानं आदबीनं विचारलं, की काका, गाडीचं काय काम आहे? मी म्हटलं, नाग्या, मी येसा. तो म्हणाला, हो हो, ओळखलं की, आपण वाजवायचो पूर्वी. पूर्वी, म्हणाला. मागल्या महिन्यापर्यंत आम्ही वाजवत होतो.

आता उरला कोंडीराम. त्याची छाती वर्षभर धरलेली होती, कर्जतच्या डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, भीमावहिनींना, बाजूला घेऊन सांगितलं होतं की दिवाळी दिसायची नाही. पण तो पडल्या पडल्या छातीवर बुलबुल तरंग ठेवून पुढची लांबण बसवत असे, आणि मी गेलो की विचारी, “ठोका हाय ना रं ठेवलेला?” मी म्हणे, हाय. मग तो औषध घेई. एवढ्या एका खुंटीला त्याचा जीव टांगलेला होता, हे डॉक्टरांना कळलं नव्हतं, पण भीमावहिनींना आणि मला कळत होतं. आणि कमिटीनं ठरवलं होतं असं, की रविवारी सकाळी हॉलमध्ये कोंडीरामला खुर्चीवरून आणायचं, पेटी त्याच्या मांडीवर द्यायची, आणि सगळ्यांनी उभं राहून शेवटच्या कॅसेटचा शेवट त्याला ऐकवायचा. सेक्रेटरी फार भला माणूस. म्हणाला, पार्टीचा यथोचित समारोप व्हायला हवा, पुढल्या गणपतीला आपण पनवेलहून डिस्को मागवतोय.

भीमावहिनींना मी ठोक्याचं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्या मला हाकलतील, कारण एकदा त्यांच्या तांदळाच्या डब्यात मी गजर लावलेलं घड्याळ पुरून ठेवलं होतं. त्या चुलीपुढून उठल्याही नाहीत.

“जित्या माणसांची पेटी करत नायत, भावजी,” त्या म्हणाल्या. “तुमी आजवर ज्या नाय त्या खोड्या केल्या. आता एक कामाची करा.”

शनिवारी भर दुपारी मी जैतूच्या दुकानात गेलो आणि त्याला म्हटलं, तुझ्या सासऱ्याला चौकच्या नाक्यावर पोलिसांनी धरलंय, कोंबडं चोरलं म्हणतात. तो अनवाणी पळाला. सासरा त्याचा माळकरी. मी पेटी उघडली. जैतू कॅसेटमधली फीत वाजवण्याच्या मापानंच कापून भरत असे, त्यामुळं ठोका अगदी टोकाला. एकेक कॅसेट पेन्सिलीनं शेवटाला नेली, फीत बोटानं बाहेर ओढली, दाढीच्या पात्यानं टोकाची वावभर कापली, उरलेली आत चिकटवून गुंडाळली. मखमलीवर पुन्हा दात बसवले तेव्हा तोंड पूर्वीसारखंच दिसत होतं. कापलेल्या फितींचा तपकिरी गुंता टाकू कुठं? गटारात टाकला तर कुणा पोराच्या हाती लागेल, जाळला तर जळताना वाजेल की काय असं वाटलं; हसा, पण वाटलं. घरी येऊन ड्रमच्या कडेला वाऱ्यासाठी भोक असतं त्यातून तो गुंता आत कोंबला. ज्याचा ठोका त्याच्या पोटात.

रविवारी हॉल भरला होता. कोंडीरामला भीमावहिनींनी पांढरा झब्बा घातला होता आणि त्यात तो वाळत घातलेल्या झब्ब्यासारखाच दिसत होता. भाषणं झाली, सेक्रेटरी म्हणाला, पार्टीनं सतत नवे प्रयोग केले, आणि मागून कुणीतरी घोड्यासारखं खिंकाळलं. तो मी नव्हतो. मग पेटी त्याच्या मांडीवर ठेवली, सगळे उभे राहिले, आणि जैतूनं शेवटची कॅसेट लावली. लांबण उताराला लागली. पुढच्या रांगेत कमळाकर आणि नागू हाताची घडी घालून, परक्याच्या लग्नाला आल्यासारखे, गोड चेहऱ्यानं ऐकत होते. कोंडीरामचे डोळे मिटले. खुर्चीच्या दांडीवरची त्याची बोटं, जी सदान् कदा तारा दाबत असायची, ती एकेक करून सुटू लागली. करंगळी, मग तिच्या शेजारचं, मग मधलं. भीमावहिनी माझ्याकडं बघत होत्या. मी कॅसेटकडं बघत होतो.

खट्ट. मशीन थांबलं.

कुणाला काही कळेना. सेक्रेटरी जैतूकडं धावला. कोंडीरामनं एक डोळा उघडला, हॉल पाहिला, आणि मला शोधून काढलं.

“येश्या,” तो म्हणाला, “तुझंच काम ना रं हे?”

मी मान हलवली. त्यानं पेटी मांडीवरून उचलून सेक्रेटरीच्या हातात दिली, बुलबुल तरंग मागितला, आणि मला म्हणाला, उघड. ड्रम मी सोबत आणलेलाच होता, गणपतीचा राखलेला ठोका मारला. शेवट म्हणून नाही, सुरुवात म्हणून. मग आम्ही दोघांनीच लांबण वाजवली. पायपेटी नाही, ताशा नाही, आणि सदूला जाऊन सात पावसाळे झालेले. लोक चुळबुळले, पोरं हसली, सेक्रेटरी घड्याळ दाखवत राहिला. कोंडीरामला दम लागे तिथं मी एकटा वाजवी, आणि माझा हात थके तिथं तो. उताराला लागलो, शेवटाला आलो, माझी काठी वर गेली, आणि कोंडीराम सगळ्या कमिटीकडं बघून म्हणाला, “ठोका राख.” कमळाकरनं आणि नागूनं पाहुण्यांसारख्या टाळ्या वाजवल्या.

दिवाळी आली आणि कोंडीरामनं चकल्या खाल्ल्या. डॉक्टर म्हणाले, निसर्गाची कमाल. भीमावहिनींनी मला लाडू जास्त दिला.

त्यानंतर कार्यक्रम नाही. होईल असंही नाही. पण एक झालं: हॉलमधून आल्यापासून माझ्या दंडाला खाज नाही. आधी मी दचकलो, मलाही कुणीतरी संपवलं की काय म्हणून. मग ड्रम उतरवायला हात लावला तर कातडं थरथरत होतं. वाजवल्यावर थरथरतं तसं नाही. वाजण्याच्या आधी थरथरावं तसं. तळवा दाबून धरला की ते शांत होई, उचलला की पुन्हा. एकदा जरा वेळानं उचलला तर आतून फितींची सळसळ ऐकू आली, आणि तिच्यामागं पत्रावळ्यांची, रिकाम्या मांडवाची.

तेव्हा मी ड्रम कोंडीरामच्या घरी नेला, त्याच्या खाटेशेजारी आडवा ठेवला, आणि सकाळी भाकरी खाऊन जातो तो दिवसभर तिथंच बसतो, हात कातड्यावर ठेवून. माझा हात अवघडला की भीमावहिनी निवडायचे तांदूळ बाजूला ठेवून आपला ठेवतात. रात्री ड्रमवर जातं ठेवतो. कॉलनीतली पोरं दारातून विचारतात, नाना, ड्रमला ताप आला काय? मी म्हणतो, हो, कांजिण्या आहेत, जवळ येऊ नका. सेक्रेटरी येऊन समजावून गेला, की आता पुरे करा, प्रत्येक गोष्टीला शेवट असतो. मी त्याला म्हटलं, असेल. आमच्या गोष्टीचा मी देत नाही, तुम्ही गोठ्यात जाऊन शोधा.

परवा होळीनंतरच्या उन्हात भीमावहिनी पाण्याला गेल्या होत्या. दारावरून ट्रक जातात, त्यांची धूळ घरभर बसते, ड्रमवरही. ऊन चढलं, डोळा लागला. जागा झालो तेव्हा माझे दोन्ही हात डोक्याखाली होते. किती वेळ, कोण जाणे. घरात चिडीचूप. कोंडीराम भिंतीकडं तोंड करून पडला होता, तसाच पडल्या पडल्या त्यानं विचारलं, “हात ठेवलाय ना रं?”

मी ड्रमकडं पाहिलं. कातडं थरथरत नव्हतं. धुळीत माझ्या पंजाचा ठसा होता, आणि त्याच्या शेजारी दुसरा, ताजा, दाबून ठेवल्यासारखा खोल. करंगळीशेजारचं बोट अर्धंच.

“हाय,” मी म्हटलं. “हात हाय.”